एक घ्या, एक ठेवा

वैशाखात उजनीचं पाणी मागं सरलं, की बुडालेल्या गावाचं देऊळ उघडं पडतं. आधी शिखर, मग मंडप, मग गाळात रुतलेल्या पायऱ्या. धरण झालं तेव्हा गावानं देव उचलून नेला. देऊळ तेवढं मागं राहिलं.

बसवेशला नेमकं तिथंच जायचं होतं. मोबाइलवरच्या खुणेनं कुणीतरी लपवलेला डबा हुडकायचा, त्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, हा त्याचा नवा नाद.

"अहो, पोरगी रुतली म्हणजे?" चार वर्षांच्या शर्वीचा हात घट्ट धरून सिद्धेश्वरी काठाकाठानं चालत होती.

"रोज सोलापुरात सात रस्ता चौक ओलांडतेस की! हितं चिखलाला काय भ्यायचं?"

उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. एवढा मोठा थवा, पण कुणाचा आवाज नाही.

डबा मंडपाच्या कोनाड्यात सापडला. आत गोट्या, किल्ल्यांची साखळी आणि नवसाला बांधतात तसला बोटभर लाकडी पाळणा. शर्वीनं पाळणा उचलला. सिद्धेश्वरी पाणी किती लांब आहे ते बघत होती, तोवर बसवेशनं झाकण लावलंसुद्धा.

"आपण काय ठेवलं?"

"ठेवलं की शर्वीनं काहीतरी. क्लिप असेल."

परतताना मोडनिंबला चहासाठी गाडी थांबली. मागच्या सीटवर शर्वी एका बोटानं पाळणा हलवत होती. रिकामा पाळणा हलवू नये, असं सासूबाईंनी बाळंतपणात शंभरदा बजावलेलं. सिद्धेश्वरीनं तिचा हात धरला आणि चरकली. मनगट मोकळं होतं. बारशाला बांधलेली काळ्या मण्यांची मनगटी. दर वाढदिवसाला सासूबाई तीत मणी वाढवून ओवायच्या.

"मनगटी कुठाय गं?"

"ठेवली की डब्यात. ती म्हणाली, हीच ठेव."

"ती कोण?"

शर्वीनं पाळण्याकडे बोट केलं. "हळू बोल ना. आत्ता झोपलीय."

बसवेश हसला खरा, पण चहा अर्धाच टाकून त्यानं गाडी वळवली.

पाऊस नव्हता, वारा नव्हता. तरी पाणी देवळाच्या खालच्या पायरीला येऊन टेकलं होतं.

"वरच्या धरणातून सोडलं असेल," बसवेश म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे.

सिद्धेश्वरीनं पाळणा डब्यात ठेवला, मनगटी उचलली आणि पळत गाडी गाठली. शर्वीच्या हाताला ती बांधू लागली, तर टोकाला टोक पोचेना. मणी तसलेच, गाठ सासूबाई मारायच्या तशीच. माप मात्र ओल्या बाळंतिणीच्या बाळाचं. आणि डबा कोरडा असून दोरा ओला.

"ही माझी न्हाय," शर्वी म्हणाली. "माझी तिनं घातलीय."

सिद्धेश्वरीनं दार उघडलं. पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. कोनाडाही.

"अहो, चला," ती एवढंच म्हणाली.

बांधायला लेकीचं असं काही उरलं नाही, तेव्हा तिनं लेकीच्या मनगटाभोवती आपलीच मूठ आवळली. सोलापूर येईपर्यंत सोडली नाही. मूठ घामानं भिजली. आतलं मनगट मात्र गारच राहिलं.