न ढवळलेल्या टाकीतला नमुना

मी एक जुनं ओगराळं आहे, मित्रांनो. पण आमटी वाढणारं नव्हे. टास्मानियाच्या वायव्य टोकाला फार्माफार्मांवरून दूध गोळा करत फिरणाऱ्या टँकरवर माझा मुक्काम असतो.

लॉन्सेस्टनच्या एका कारखान्यात स्टीलच्या एकाच तुकड्यातून मला घडवलं. अंगावर कुठेही सांधा नाही, कारण सांध्यात दूध अडकतं आणि तिथे जंतू वाढतात. फार्मवरच्या सहा हजार लिटरच्या टाकीतून एक छोटी बाटली भरायची, एवढंच माझं काम. पण प्रयोगशाळा त्या बाटलीवरून साऱ्या टाकीची पारख करते. त्यामुळे माझा जीव कधी स्वस्थ नसतो.

एकोणीस वर्षं मी डेस नावाच्या ड्रायव्हरच्या हातात होतो. शेडमध्ये शिरला की तो आधी टाकीतली ढवळणी सुरू करी आणि घड्याळ लावी. पूर्ण पाच मिनिटं! मग मला जंतुनाशकातून काढून दोनदा दुधात बुडवून रिकामं करी, आणि तिसऱ्यांदा भरलेलं दूध बाटलीत ओती. बाटली लगेच बर्फाच्या पेटीत जाई.

"अरे डेस, तेवढ्यात माझ्या गाई आणखी एकदा पान्हवतील!" फार्मची मालकीण मेरिल चिडवायची.

"मग चहा टाक की. नुसती उभी काय राहतेस?"

मार्चमध्ये डेसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बदली म्हणून कोरी आला. माणूस वाईट नव्हता. चौदा फार्म उरकायचे म्हणून सदा घाईत. तो ढवळणीचं बटण दाबी आणि त्याच क्षणी मला टाकीत बुडवी.

मित्रांनो, स्थिर दुधात साय वर येते. गाईच्या कासेतून थोड्याफार पेशी दुधात उतरतात. सायीबरोबर त्याही वर येतात. कास सुजली की त्या फार वाढतात, म्हणून प्रयोगशाळा त्या मोजते. मी नेमकं वरचंच दूध भरून घेत होतो. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. एकदा मी त्याच्या हातातून निसटून खणकन् खाली पडलो. त्याने मला धुतलं आणि पुन्हा बुडवलं.

मेरिलच्या फोनवर पेशींचा आकडा आला, नेहमीच्या दुप्पट. पुढच्या वेळीही तेच. तिने एकेक गाय तपासली. अकरा वर्षांच्या ट्रीकलच्या एका सडाचं दूध किंचित दाट असल्यासारखं तिला वाटलं, एवढंच.

"कोरी, नमुना नीट घेतोस ना रे?"

"अहो मेरिल, ओगराळं बुडवायला काय कॉलेजात जायचं?"

"हसू नकोस. आणखी एकदा आकडा चढला तर कंपनी दूध उचलायची नाही."

"मग त्या म्हातारीला काढा. कुणीतरी असणारच ना आजारी!"

तिसरा आकडाही चढाच आला. मंगळवारी खाटिकखान्याचा ट्रक आला तेव्हा आम्हीही अंगणात होतो. मेरिलने ट्रीकलचं कपाळ खाजवलं. "चल गं आजीबाई," म्हणाली, आणि ट्रकला चढायची फळी स्वतःच लावली.

गुरुवारी डेस लंगडत परतला. ढवळणी, घड्याळ, पाच मिनिटं. शनिवारी आम्ही पुन्हा गेलो, तर मेरिल फोन नाचवत धावत आली.

"डेस, बघ! आकडा निम्म्यावर आला! म्हणजे तीच होती रे. जीव तुटला माझा, पण केलं ते बरोबरच केलं."

"सुटलीस बाई," डेस म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं. आजही, कुणी हातात घेतलं की वाटतं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी नमुने घेईल. दुधाचे, नाहीतर विहिरीच्या पाण्याचे. कितीही उशीर झाला असला तरी ती पाच मिनिटं थांबा. ट्रीकल धडधाकट होती. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून तीनच बाटल्या होत्या, आणि त्या तिन्ही मीच भरल्या होत्या.