कुलसुमने ऐकलेला गोड आवाज

आज शुक्रवारी सकाळी साडेसहा वाजता कुलसुमने मला आखातातल्या सीबच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरवले. वाळूत पुरलेले पितळी बिल्ले शोधण्याची स्पर्धा सात वाजता सुरू होणार होती. तिची ही पहिलीच स्पर्धा, आणि माझीही.

मित्रांनो, मी एक जुना मेटल डिटेक्टर आहे. खाली ताटलीएवढे गोल कडे, वर लांब दांडा आणि मुठीजवळ दोन बटणे, एवढाच माझा देह. मला वाळूत हात घालता येत नाही. खाली धातू असला की मी वाजतो. लोखंडावर माझा आवाज खरखरतो. पितळ, सोने, ॲल्युमिनियम असले की तो स्वच्छ निघतो. पुढचे काम ऐकणाऱ्याचे.

कुलसुम मूळची रत्नागिरीकडची. तिचा नवरा जमाल अल मवालेहच्या बाजारात भाजीचा व्यापार करतो. तीन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर एका बुटक्या भिंतीजवळ सहलीला बसल्यावर, सुरमईला मसाला लावताना तिने बोटातली सोन्याची अंगठी काढून चटईवर ठेवली. जेवणे झाली, कोणीतरी चटई झटकली आणि अंगठी वाळूत गेली. ती तिची आई साबेरा हिने परदेशी निघताना स्वतःच्या बोटातून काढून दिली होती. पुढे आई गेली. अंगठी शोधायला म्हणून जमालने मला जुन्या सामानाच्या दुकानातून विकत आणले.

त्या वेळी माझे फार कौतुक झाले. अंगणात सराव सुरू झाला. सरावाला नाणी हवीत, पण इथे सगळा व्यवहार कार्डावर. मग कुलसुमने बिस्किटांचा डबा उघडला. गावी गेल्यावर रिक्षाला लागतील म्हणून इथल्या आपल्या लोकांच्या घरांत सुटे रुपये ठेवलेले असतात, तसे तिनेही ठेवले होते. ते स्टीलचे, म्हणजे लोखंडाच्याच जातीचे. मी खरखरलो, तिने खणले, रुपया निघाला. स्वच्छ वाजलो तेव्हा थंड पेयाच्या कॅनची कडी निघाली. दोन-चारदा असे झाल्यावर तिने मनाशी पक्के केले, की गोड आवाज म्हणजे कचरा.

किनाऱ्यावर आम्ही खिळे गोळा केले. अंगठी मिळाली नाही. जमाल म्हणाला, याला गंजलेल्याचीच ओढ आहे. मी कोठीत, तांदळाच्या पोत्यामागे गेलो. तिथे मला कोणी पुसलेही नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या झरीनने कुलसुमचे नाव स्पर्धेला परस्पर देऊन टाकले. मला बाहेर काढले, नवे सेल घातले. जमालने बजावले, की या वेळी हात हलवत आली तर हा दांडा भंगारात जाईल. पुन्हा डबा उघडला, पुन्हा तेच रुपये पुरले गेले. मी वाजत राहिलो. याहून जास्त काही सांगणे माझ्या हातात नव्हते.

काल संध्याकाळी आयोजकांनी नमुन्याचा एक बिल्ला पाठवला. जमालने तो गुपचूप पुरला. मी अगदी स्वच्छ वाजलो, आणि कुलसुम माझ्यासकट पुढे निघाली.

"अगो, बिल्ला मागंच राहिला की," जमाल हसत म्हणाला.

ती मागे वळली. त्याच जागी तिने मला तीनदा फिरवले. मग खालीच बसली.

"म्हणजे त्या दिवशी किनाऱ्यावर भिंतीजवळ हा असाच वाजला होता," ती हळूच म्हणाली. "मी कडी समजून पुढं गेले."

जमालचे हसणे थांबले. त्यानेच मला ओल्या फडक्याने पुसले.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू बिघडली असे म्हणण्याआधी ती काय सांगते ते एकदा नीट ऐका. तिला पुसा, कोरडी ठेवा. पोत्यामागे टाकू नका.

आज किनाऱ्यावर स्पर्धेच्या परवानगीची पाटी लागली आहे. स्पर्धक रांगेत उभे आहेत. कुलसुम मात्र मला घेऊन रांगेच्या उलट दिशेला, त्या बुटक्या भिंतीकडे आली. भिंतीपासून हातभर अंतरावर मी वाजलो. खरखर अजिबात नव्हती.

"कुलसुम, तुझं नाव पुकारतायत," जमालने लांबून हाक दिली. "कॅनची कडी असंल ती. यल्ला, चल."

"असू दे," ती म्हणाली. "आज काढून बघते."

स्पर्धेची शिट्टी वाजली आहे. कुलसुमचा हात कोपरापर्यंत वाळूत आहे, आणि मी अजून वाजतो आहे.