दोनच बटणं

समिधाने तिसरं बटण पुसून टाकलं. स्क्रीनवर आता ‘होकार’ आणि ‘नकार’ एवढीच दोन उरली.

“अगं, ‘कळवतो’ का काढलंस?” फोनवर मृणालिनीताई होत्या. मीरा रोडच्या त्यांच्या विवाह मंडळाचा चॅटबॉट समिधा घरी बसून सांभाळायची. “तोंडावर नाही म्हणायला लोकांना जड जातं गं.”

“जाऊ दे की जड. एका नंबरवर टेस्ट करून बघते, ताई.” तिने फोन ठेवला.

टेबलाच्या पलीकडे बाबा मोड आलेले वाल सोलत होते. भाईंदरच्या खारीगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रविवारी बिरडं ठरलेलं, आणि आई गेल्यापासून सोलायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं.

‘कळवतो’ या शब्दावर समिधाने डूख धरला होता. चार वर्षांपूर्वी पेणकरपाड्याचा निकेत आईवडिलांसह तिला बघायला आला. दोनदा शिरा मागून घेतला, गच्चीवर अर्धा तास तिच्याशी हसूनखेळून बोलला आणि गेला. कळवतो म्हणालेत, असं बाबांनी सांगितलं. आठ महिने ती फोन उशाशी घेऊन झोपली. अधूनमधून विचारायची, तर बाबा म्हणायचे, कळवतीलच. त्या वाट बघण्यात काशीगावचं एक चांगलं स्थळ तिने हातचं घालवलं. त्या मुलाला आता जुळी आहेत.

आणि मागच्याच आठवड्यात निकेतचा फॉर्म मंडळात आला. अजून एकटाच होता. फॉर्म बघून समिधाला जे झालं त्याला आनंदच म्हणायला हवं. बरा सापडला! जे चार वर्षांपूर्वी त्याच्या तोंडून निघालं नाही, ते आता त्याला दाबायला लावायचं. आणि चुकून हो म्हणालाच, तर वर्षभर टांगून ठेवायचं. तगमग म्हणजे काय ते त्यालाही कळू दे.

तिने स्वतःच्याच नावाचं स्थळ त्याला पाठवलं. ‘समिधा साळवी, भाईंदर पूर्व. तुमचं उत्तर?’ खाली दोन बटणं.

त्याने बटण दाबलं नाही. टाइप केलं.

‘हे स्थळ चुकून आलंय का?’

‘कृपया खालीलपैकी एक बटण दाबा,’ बॉटने उत्तर दिलं.

‘तिथे कोणी माणूस आहे का?’

‘कृपया खालीलपैकी एक बटण दाबा.’

समिधाने खुर्चीवर पाय वर घेतले. भोग म्हणावं आता. बॉट काही दमणार नव्हता, आणि तिलाही कुठे जायचं नव्हतं.

मग एक लांबलचक मेसेज आला.

‘प्लीज, हे कोणीतरी वाचा. आम्ही त्यांना तेव्हाच नकार कळवला होता, चौथ्या दिवशी. मी स्वतः त्यांच्या वडिलांना फोन केला होता. फोनवर रडले ते. त्यांना परत तेच ऐकायला लावू नका.’

‘कृपया खालीलपैकी एक बटण दाबा.’

त्याने ‘नकार’ दाबलं.

समिधाने मेसेज पहिल्यापासून पुन्हा वाचला. पाय खाली सोडले. चार वर्षं जपलेला राग एकाएकी बेवारशी झाला होता. मग तिची नजर टेबलापलीकडे गेली, आणि तो पहिल्यापेक्षा दुप्पट होऊन परत आला.

“काय गो, कोणाचं काय आलं?” बाबांनी मान वर न करता विचारलं.

तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

“वाचा.”

बाबांनी बोटं पंच्याला पुसली, चष्मा चढवला. ओठ हलवत, एकेक ओळ करत त्यांनी सगळं वाचलं.

“चौथ्या नाही,” ते म्हणाले. “तिसऱ्या दिवशी आला फोन. तू नव्या साडीला फॉल लावत बसली होतीस.”