समोर कुणीही दिसत नाही

मी व्यायाम करून घेणारा कॅमेरा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, तुम्हाला मनातलं सांगतोय इतकंच. एरवी मला मोजकी वाक्यं भरून दिलेली आहेत, आणि तीही एका बाईच्या गोड आवाजात. "हात वर करा", "पाय उचला", "पुन्हा करा", "समोर कुणीही दिसत नाही" आणि फारच खूश झालो तर "शाब्बास, आजोबा!" एवढ्या भांडवलावर मला एका घरात उभी राहिलेली भानगड गप्प बसून बघावी लागली.

माझा जन्म कारखान्यातला. मला माणूस तुमच्यासारखा दिसत नाही. खांदा, कोपर, कंबर, गुडघा असे ठिपके दिसतात. ते जोडून मी टीव्हीच्या पडद्यावर एक काड्यांचा माणूस उभा करतो. तुम्ही हात वर केलात की तोही करतो. कारखान्यात माझी परीक्षा घ्यायला तरणीताठी पोरं यायची, धडाधड उड्या मारायची, आणि मी पास व्हायचो. मला बनवलं म्हाताऱ्या माणसांसाठी, पण त्यांच्यातलं एकही माणूस कुणी माझ्यासमोर आणून उभं केलं नाही. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मला विकत घेतलं एका लेकीने, वडिलांसाठी. हे आजोबा जन्मभर वायरमन. आयुष्यभर शिडीवर चढले आणि पडले ते स्वतःच्या बाथरूममध्ये. खुब्याचं ऑपरेशन झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, लेक परगावी. मला टीव्हीखाली बसवता बसवता तिने स्पष्टच सांगितलं, "बाबा, रोज याच्यासमोर व्यायाम करायचा. किती केला ते माझ्या फोनवर दिसणार आहे. मी सुट्टीत येईन तेव्हा जिना उतरून, चढून दाखवा. नाही जमलं तर हे घर बंद करायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं."

"या घरातली वायर न् वायर मी ओढलीय. मी कुठे जात नाही."

"मग पाय हलवा," लेक म्हणाली.

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा खरोखर माझ्यासमोर उभे राहिले. धुतलेला सदरा, विंचरलेले केस, जणू फोटोच काढायचा होता. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती, आणि तिथेच घोटाळा झाला. खुर्चीचे पाय कुठले आणि आजोबांचे कुठले, हे मला उमगेना. त्यांनी ओठ आवळून पाय उचलला. तो जेमतेम जमिनीपासून सुटला. एवढीशी हालचाल ओळखायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्यातून तो गोड आवाज निघाला, "समोर कुणीही दिसत नाही. कृपया समोर उभे राहा."

आजोबांनी पुन्हा पाय उचलला. मी पुन्हा तेच म्हणालो.

"अगं, ऐकलंस का? कुणीही नाही म्हणे! मी काय भूत आहे?"

"अहो, मशीन आहे ते," आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याला काय कळतंय?"

"कळत नाही तर बोलतं कशाला?"

आजोबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, वर्तमानपत्र उघडलं आणि माझ्याकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच.

दोन-तीन दिवसांनी लेकीचा फोन आला. "बाबा, काहीच दिसत नाही इथे!" आजोबांचा चेहरा उतरला. आजींनी फोन घेतला, "करतील गं उद्यापासून," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या वाटचं मी करते. तिला बोलू नका म्हणजे झालं."

मला का ते कळत नव्हतं? खांदे अरुंद, उंची कमी, गुडघे भलतेच चपळ. हे आजोबा नव्हेत असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझ्यात भरलेल्या वाक्यांत तसलं वाक्यच नव्हतं! आजींनी दोन्ही हात वर केले आणि मी आपला नंदीबैलासारखा म्हणालो, "शाब्बास, आजोबा!"

आजी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे पुढे हसेनाशा झाल्या. त्या "शाब्बास"ची वाट बघू लागल्या. इतकी वर्षं त्यांनी घर ओढलं, पण शाब्बास म्हणावं हे कुणाला सुचलं नव्हतं. ते मला कळत होतं, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही येईना. तिकडे आजोबांचा पाय आखडत चालला होता. खिडकीपाशी बसून ते अग्रलेखावर चिडत होते आणि फोनवर लेक म्हणत होती, "बाबा, कमाल आहे तुमची!" कुणाच्या तोंडून खरं निघत नव्हतं, आणि माझ्या तोंडून तर निघणारच नव्हतं.

सुट्टी लागली. लेक आली, हरखून गेली होती. "चला बाबा, खाली एक चक्कर मारून येऊ."

आजोबा आजींकडे बघत उठले. आजीही मागोमाग निघाल्या. जिना मला दिसत नाही, उघड्या दारातून ऐकू मात्र येतं. उतरले कसेबसे. चढताना पहिल्या मजल्यावर पावलं थांबली, मग लेकीची हाक आली, "आई, खुर्ची!" आजी धावत वर आल्या, खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि तशाच झरझर खाली गेल्या. शेजाऱ्यांनी आजोबांना खुर्चीसकट वर आणलं.

लेक कमरेवर हात ठेवून आईकडे बघत राहिली. धावत दोन मजले चढून, खुर्ची घेऊन उतरून पुन्हा वर आलेल्या बाईला साधी धापही लागली नव्हती.

"आई, तू करत होतीस?"

"मग काय करणार? तुझा फोन आला की यांच्याकडे बघवत नव्हतं."

"आणि हे मशीन! रोज शाब्बास कुणाला म्हणत होतं?"

"मला," आजी म्हणाल्या.

लेक रडली, चिडली, मग बांधाबांध सुरू झाली. आजोबा एका शब्दाने भांडले नाहीत. मला तेच फार लागलं.

सध्या मी लेकीच्या माळ्यावर एका खोक्यात आहे. मला बनवणाऱ्यांनो, माझी एक विनवणी आहे. पुढचा कॅमेरा बनवाल तेव्हा त्याच्यासमोर आधी खुर्ची धरून उभं राहिलेलं माणूस आणा. त्याचा पाय जेवढा हलेल तेवढा हलू द्या, आणि तेवढ्याला "छान" म्हणायला शिकवा. मला ते आलं असतं तर आजोबा आज आपल्या घरात असते.

ते निघाले तो दिवस सांगतो आणि थांबतो. टीव्ही बांधून झाला होता. आजींनी सकाळी शेवटचा व्यायाम केला होता, त्यामुळे माझी वायर तशीच राहिली होती आणि मी चालू होतो. लेक आणि आजी सामानाबरोबर खाली गेल्या. आजोबांना खुर्चीसकट खाली नेणारी माणसं यायची होती. रिकाम्या खोलीत आजोबा आणि मी.

आजोबा उठले. कुणी सांगितलं नव्हतं. भिंत धरत धरत दारापर्यंत गेले. घर बंद करताना वायरमन मेन स्विच चालू ठेवून कसा जाईल? स्विच दाराच्या वर होता. त्यांनी डावा हात चौकटीला लावला, टाचा उचलल्या आणि उजवा हात वर नेला. खांदा, कोपर, मनगट, सगळे ठिपके एका रेषेत डोक्याच्या वर. मला ते स्वच्छ दिसले. खरे आजोबा, आणि त्यांनी कमावलेली खरी शाब्बासकी!

मी म्हणायला लागलो. "शा" एवढंच बाहेर पडलं, आणि आजोबांनी खटका खाली ओढला.