डॉक्टरीणबाईंचा आवाज

हिवाळ्याच्या सुट्टीत मुंगी घरी आली ती पाठीवर पुस्तकांचे ओझे घेऊनच. वसतिगृहातल्या मैत्रिणींनी निघता निघता हाताला लागेल ते तिच्या पिशवीत कोंबले होते. एकीने जाडजूड रहस्यकथा दिली, एकीने भुतांच्या गोष्टी, आणि तिसरीने एका बाईच्या एकटीने केलेल्या समुद्रप्रवासाचे पुस्तक दिले, वर ताकीद दिली, "पांघरुणात बसूनच वाच हं, नाहीतर वाचता वाचता सर्दी होते." फोनवर तर मालिकांचा नुसता मारा चालला होता. ही बघ, ती चुकवू नकोस, ही बघताना रुमाल जवळ ठेव. मुंगी सगळ्यांना हसरे चेहरे पाठवत राहिली. तिचा स्वतःचा चेहरा गाडीच्या काचेत दिसला, तेव्हा तो कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा वाटला.

मुंगी हे घरातले नाव. लहानपणी ती पावलांचा आवाज न करता ये-जा करायची आणि येताना तोंडात काही ना काही असायचेच, म्हणून.

घरात आवाज करायचे काम आईकडे होते. आई डबिंग करायची. परदेशी मालिका मराठीत आणताना त्यातल्या बायांच्या ओठांवर आपले बोलणे बसवायचे, हा तिचा व्यवसाय. तिच्या गळ्यातून एक राणी बोलून गेली होती, दोन खुनी बायका बोलून गेल्या होत्या आणि मुलांच्या मालिकेतली एक भांडकुदळ शेळीही. पण लोकांच्या लक्षात राहिली ती बर्फाळ बेटावरची डॉक्टरीणबाई. त्या मालिकेची दोन पर्वे आईनेच केली. भाजीवाल्याने भाव सांगितला की आई मुद्दाम डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणायची, "नाडी दाखवा बघू, ताप आहे का तुम्हाला?" आणि तो हसत हसत भाव उतरवायचा.

थंडी सुरू व्हायच्या आधी आईच्या घशात गाठ निघाली. गाठ वाईट नव्हती, पण वाईट जागी होती. ती काढताना स्वरतंतूचा तुकडाही काढावा लागला. इस्पितळात आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले, "पहिला आवाज परत येणार नाही. दुसरा येईल, कामापुरता. पण आत्ता बोलत्या झालात तरच. उरलेल्या तंतूला एकदा आळस चढला की मग तो कोणाचं ऐकत नाही." बाबांनी मान डोलावली. मुंगीनेही डोलावली. आईने डोलावली नाही. घरी आल्यापासून तिने ओठ उघडले ते घास घेण्यापुरतेच.

तेव्हा मुंगीने एक रुमाल वेगळा काढून ठेवला होता, रडू येईल म्हणून. तो घडीचा घडीच राहिला. ती परीक्षेला गेली, पेपर नीट लिहिला, चांगले गुण पडले. आत कोणीतरी सगळ्या खोल्यांना कुलपे लावून गावाला गेल्यासारखे झाले होते.

सुट्टीत आईला बोलते करायचे, एवढेच तिने ठरवले होते. कॉलेज उघडले की आईजवळ दिवसभर कोणी नसणार. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे. कुठे कोण अडकेल त्याचा नेम नाही. शिवाय बाबांचा एक वेगळाच घोळ होता. आईचा आवाज गेल्यापासून ते तिच्याशी हातवारे करून बोलायला लागले होते. चहा हवा का विचारताना करंगळी वर करून हवेतला कप प्यायचे. आईने एकदा फोनवर टाइप करून फोन त्यांच्या नाकासमोर धरला होता : 'मी बहिरी नाही.' बाबा ओशाळले आणि "बरोबर आहे तुझं," हेही खुणेनेच सांगून बसले.

मुंगीने पुस्तकांपासून सुरुवात केली. आईला वाचून दाखवायची. लहानपणी ती मोठ्याने वाचायला लागली की स्वयंपाकघरातून आईचे ठरलेलेच असायचे, "श्वास घे! स्वल्पविराम काय शोभेला ठेवलाय का?" आता मुंगी स्वल्पविरामच काय, पूर्णविरामही गिळत वाचत होती. आई खिडकीच्या वाफाळलेल्या काचेकडे बघत बसे. रहस्यकथेत खून झाला. दोघींनाही काही वाटले नाही. भुतांच्या गोष्टींतली भुते आली आणि आपापली गेली. समुद्रावरच्या बाईचे सुकाणू वादळात मोडले, तेव्हा मुंगी वाक्याच्या मध्येच थांबली. का थांबली हे तिलाही सांगता आले नसते. आईच्या ते ध्यानातही आले नाही. ती बाई तशीच भर समुद्रात राहिली आणि मुंगीने पुस्तक मिटले.

मग मालिका. दुपारचे काम आवरले की दोघी एका रजईत पाय घालून बसत. केक करणाऱ्यांची स्पर्धा पाहिली, एका शाळेतल्या चहाटळ मास्तरांची मालिका पाहिली. पडद्यावर लोक एकमेकांच्या गळ्यात पडत, दारे आपटत, रडत. हीटर गुरगुरत राहायचा. एक बेटावरची मालिका तेवढी मुंगी लावत नव्हती आणि आई मागत नव्हती.

व्यायामाचे नाव काढले की आई उठून आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. कडी लावायची नाही, नुसते लोटायची. पण ते उघडायचे बळ मुंगीच्या हातात नव्हते.

एके दिवशी मोठी मावशी आली. ती बोलायला लागली की भिंतींनाही मान डोलवावी लागे. आईच्या शेजारी बसून तिने तिचा हात हातात घेतला.

"बाई गं, केवढं हे मौन! मला तर अर्धा तास जमत नाही."

"झोपेतला धरून का?" बाबांनी विचारले.

"तुम्ही गप्प बसा. मी पाप-पुण्याच्या गोष्टी बोलतेय. मौनात फार शक्ती असते."

"मावशी, व्रत नाहीये हे," मुंगी म्हणाली.

"व्रतच म्हणायचं, बाळा. देवाने घेतलं तर आपण दिलं म्हणावं."

मावशीचे मन चांगले, त्यात शंका नाही. पण मौनाला आधी बोलायची इच्छा लागते, ती आवरायची म्हणून तर मौन. इच्छाच उठून गेली असेल तर उरते ती नुसती शांतता. आणि व्रत धरतानाच ते सोडायचे कधी, हेही ठरलेले असते. आईने काहीच ठरवले नव्हते. मुंगीला हे सगळे दिसत होते, पण मावशीला समजावण्याइतके शब्द गोळा करायचा तिला कंटाळा आला.

निघताना चपला घालता घालता मावशी म्हणाली, "आणि हो, तुझ्या डॉक्टरीणबाईचं नवीन पर्व आलंय बरं का! कोणी नवी मुलगी बोलते. अगदी तुझ्यासारखी. मला तर कळलंच नाही आधी."

बाबा खाली वाकून चपलेचा पट्टा शोधू लागले. त्यांच्या चपलेला पट्टा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंगी भांडी पुसून बाहेर आली तर आई आधीच बसली होती आणि रिमोट तिच्या हातात होता. पडद्यावर बर्फ पडत होते. ओळखीचे बेट, ओळखीचा धक्का, दवाखान्याची ती हिरवी पाटी. नवीन पर्व.

"आई, दुसरं काहीतरी बघू या ना," मुंगी म्हणाली. आईने रजईचा कोपरा उचलून तिला जागा करून दिली, एवढेच.

नवी मुलगी गोड बोलत होती. मावशीचे चुकले नव्हते. दुरून ऐकले तर फसावे असाच आवाज. डॉक्टरीणबाईंनी एका कोळ्याचा हात तपासला, एका आजीला दम दिला. आईचा चेहरा दगडासारखा. मुंगीला वाटले, संपले आता. जिची जागा भरली गेली ती बाई कशाला तोंड उघडेल? तिला भीती वाटायला हवी होती. तिने पाय रजईत आणखी आत ओढून घेतले.

मग डॉक्टरीणबाईंचा नवरा, बेटावरचा एकुलता एक हवालदार, टोपी चढवून बाहेर निघाला. डॉक्टरीणबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ऐका ना, इतक्या बर्फात जाऊ नका."

"तू."

मुंगीला वाटले खुर्ची सरकली. पण खुर्चीवर कोणीच नव्हते.

"काय?"

"तू," आई म्हणाली. त्याला आवाज म्हणायचे तर मन मोठे करावे लागले असते. वाळूवरून कोणीतरी पेटी ओढत नेत असावे, तसे काहीतरी. "त्याला… तू म्हणते ती."

बोलायची तंद्री मोडली आणि आईला स्वतःचे ऐकू आले. तिचा हात घशाकडे गेला. ती पडद्याकडे बघायची थांबली. मग तिने फोन उचलला, टाइप केले आणि मुंगीकडे सरकवला : 'ऐकलंस ना? हा असा आहे.'

मुंगीने वाचले. इथे आपण आईला मिठी मारायची असते, हे तिला ठाऊक होते. मैत्रिणींनी सुचवलेल्या सगळ्या मालिकांत तेच केले असते. छान आहे गं, असे म्हणायचे असते. छान नव्हते ते. खोटे बोलायलाही अंगात थोडी ऊब लागते. ती पडद्याकडेच बघत म्हणाली,

"ऐकलं. पण म्हणत असेल की आता अहो. किती वर्षं झाली त्यांच्या लग्नाला."

आईने फोन खाली ठेवला.

"नाही."

"का नाही? तू म्हणतेसच ना बाबांना."

"बाबांना मी… लग्नात पाहिलं." मध्ये श्वास सुटला, तो पुन्हा गोळा करावा लागला. "हा हिच्याबरोबर… वाढला. हिने त्याला… होडीतून ढकललंय. पहिल्या पर्वात."

"लहानपणी ढकललं. आता नवरा आहे तो."

"नवरा झाला म्हणून… वयाने वाढला?"

हे वाक्य मुंगीला पाठ होते. संवाद लिहिणाऱ्याने पहिल्या पर्वात अहो-जाहोच लिहून आणले होते, प्रेक्षकांना तेच बरे वाटते म्हणून. आईने मायक्रोफोनसमोर उभे राहूनच त्याच्याशी भांडण काढले. जिने शेंबड्या पोराला पाण्यात ढकलले ती त्याला अहो म्हणणार नाही, म्हटले तर टोमणा मारतानाच म्हणेल. अर्धा दिवस काम बंद पडले. शेवटी लेखकाने हात टेकले आणि सगळीकडे 'तू' केले. त्या रात्री जेवताना आईने ती गोष्ट घासागणिक तिखट करून सांगितली होती. आता नव्या मुलीपुढे कोणी 'अहो' ठेवले आणि तिने ते मुकाट्याने उचलले.

"लोकांना गोड वाटतं," मुंगी म्हणाली.

"लोकांना… साखरही गोड वाटते. म्हणून काय… जखमेवर घालतात?"

आईला खोकला आला. चांगलाच आला. डोळ्यांत पाणी उभे राहिले, ते खोकल्याचे होते की आणखी कशाचे, कोण सांगणार. मुंगी उठली, पाणी कोमट करून घेऊन आली. आईने दोन घोट घेतले आणि पेला दोन्ही तळव्यांत धरून बसली. मुंगी आपल्याला काही होते आहे का, याची वाट पाहत उभी राहिली. काही झाले नाही. पोटात फक्त थोडी भूक जाणवली, एवढे खरे. सकाळपासून आपण काहीच खाल्लेले नाही, हे तिला आत्ता कळले.

"मागे घे," आई म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"दारापर्यंत."

मुंगीने भाग मागे नेला. हवालदाराने पुन्हा टोपी चढवली. तिने न विचारताच पडद्याचा आवाज बंद केला. खोलीत हीटरची गुरगुर तेवढी उरली. डॉक्टरीणबाई दारात आल्या, त्यांचे ओठ उघडले.

"ए… थांब तू… इतक्या…"

ओठ कधीच मिटले होते. हवालदार बर्फात चालू लागला होता आणि आईचे बोलणे मागे दारातच राहिले. आईने जीभ टाळ्याला लावून चक् केले. काम चुकले की ती पूर्वीही तसेच करायची.

"लांब होतंय," ती म्हणाली. "इतक्या… काढून टाकू. परत."

मुंगीने परत मागे नेले. डॉक्टरीणबाई दारात आल्या.

"ए, थांब तू."

अजून उशीरच झाला होता, पण मघापेक्षा कमी. आईने पेला खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि नुसते बोट वर करून सांगितले, परत.