बावीस सीलबंद नाणी

"सील फोडायचं नाही हं ताई, भाव उतरतो!"

दरवर्षी ताईचा बोनस झाला की धाकटा भाऊ तिच्याकडून पैसे घेऊन सीलबंद पाकिटात सोन्याचं एक नाणं आणून द्यायचा आणि वर हे बजावायचा. ताई म्हणजे दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. त्या ते पाकीट न फोडता कपाटात ठेवायच्या. बावीस वर्षं, बावीस नाणी. पेन्शन नाही, मूलबाळ नाही, म्हातारपणाची सगळी भिस्त त्यावरच. पावती? सख्ख्या भावाकडे पावती मागायची? तुम्ही-आम्ही तरी मागतो का, सांगा बरं!

सिस्टर निवृत्त झाल्या आणि घरमालकाने त्यांची खोली विकायला काढली. "तुम्हीच घ्या, नाहीतर महिनाअखेर रिकामी करा," म्हणाला. भाऊ परगावी गेलेला. म्हणून सिस्टर सगळी नाणी पिशवीत घालून एकट्याच सराफाच्या दुकानात गेल्या.

काउंटरमागे सोनं पारखणाऱ्या वयस्कर बाई होत्या.

"सील न फोडता घ्या ना. भाव उतरतो म्हणे."

"कोण म्हणे?" बाईंनी कात्रीने पाकीट कापलं, नाणं कसोटीच्या दगडावर घासलं, वर अ‍ॅसिडचा थेंब टाकला. रेघ फसफसून पुसली गेली. त्यांनी दुसरं नाणं घासलं, मग तिसरं.

"बाई, पितळ आहे हो हे. वरून नुसता मुलामा."

सिस्टरनी भावाला फोन लावला. "अरे, मी सराफाकडे आलेय..."

"ताई, सील फोडलंस का तू?"

बस्स! पुढे काही विचारायचं उरलंच नाही. सिस्टरनी फोन ठेवला. "याच्या फीसाठी मी डबल ड्यूट्या केल्या हो! कडेवर घेऊन वाढवला याला! आणि याने माझा केसाने गळा कापला!"

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "कुणाला सांगू नका. घरची अब्रू जाईल."

"अब्रू त्याची जाईल, तुमची का? आणखी कुणाला देतो का तो अशी नाणी?"

सिस्टरचा चेहरा पडला. वॉर्डातल्या सहा तरुण नर्स त्याच्याकडूनच नाणी घेत होत्या, तेही यांच्या शब्दावर.

"मग ऐका," बाई म्हणाल्या. "आज बोललात तर फसवणारा एकटा तोच. गप्प बसलात तर उद्यापासून तुम्ही दोघं."

दुपारी नर्सेसची ड्यूटी बदलायच्या वेळी सिस्टर दवाखान्यात त्यांच्या खोलीत गेल्या. कापलेलं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"पण सिस्टर, ते तर तुमचे सख्खे भाऊ ना?" एकीने विचारलं.

"हो गं. म्हणूनच मी कधी तपासलं नाही. चूक झाली माझी. तुमची सगळी पाकिटं आजच सराफाकडे नेऊन फोडा. मी येते बरोबर."

तिथून त्या पोलीस ठाण्यात गेल्या. "आरोपी तुमचा कोण?" हवालदाराने विचारलं. "भाऊ," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. पण तक्रारीवर सही केली. खोली मात्र गेली ती गेलीच.

मंडळी, सोन्याला दोष देऊ नका. म्हातारपणासाठी खुशाल साठवा, पण घेतल्या दिवशी पारखून घ्या आणि पावती मागा, समोर सख्खा भाऊ असला तरी. खरा असेल तर तो रागावणार नाही. आणि रागावलाच, तर त्याच दिवशी कळेल. सिस्टरना कळायला बावीस वर्षं लागली.