छज्जा नसलेलं घर

आर्किटेक्टने स्वतःसाठी बांधलेल्या घराला छज्जा नव्हता. एकाही खिडकीवर नव्हता. भिंत वरपासून खालपर्यंत सपाट, पांढरी, आणि काचा तिच्याशी अगदी बरोबरीत बसवलेल्या. छज्ज्याने रेषा तुटते, असं त्याचं म्हणणं. रेषा काही तुटली नाही, भिंतीने मात्र तिसऱ्याच वर्षी आतून पोपडे टाकायला सुरुवात केली.

थोरलीच्या हे घर पहिल्या दिवसापासून डोक्यात गेलं होतं. गळक्या इमारती तपासणं हा तिचा धंदा. कोरड्या कागदावर घर काढून टेंभा मिरवणारे असले शहाणे तिने पुष्कळ पाहिले होते. फक्त हा एक नेमका तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा निघाला, हे तिचं नशीब.

धाकटीचा खोकला हटत नव्हता. बुरशी धरलेल्या खोलीत झोपत राहिलात तर औषधाचा उपयोग नाही, छाती कायमची अधू होईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ते कळलं तशी थोरली रबरी पाइप घेऊन हजर झाली.

तिने बाहेरून भिंतीवर पाणी मारलं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. असं केलं की पाणी कुठून शिरतं ते नक्की कळतं. पाइप खिडकीखालच्या दगडी पाटीपर्यंत पोचला आणि आतून धाकटीने हाक मारली, कोपऱ्यातून ओघळ आलाय म्हणून. पाटीचा उतार आतल्या बाजूला होता! खालून पाणी तोडणारी साधी खाच नव्हती, त्यामुळे पाणी पाटीच्या पोटाला चिकटून थेट भिंतीत. वर या गृहस्थाने पाणी अडवणाऱ्या रंगाचे तीन जाड हात दिलेले, म्हणजे आत गेलेल्या पाण्याला परतीची वाटही बंद. छज्जे घाला, पाट्या बाहेरच्या उताराने बसवा, हा रंग खरवडून टाका, असं तिने एका दमात सांगितलं.

आर्किटेक्टने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं.

"पाऊस तिरका येतो, ताई," तो म्हणाला, "त्याला मी काय करणार?"

यावर थोरलीला जे सुचलं ते बहिणीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. राग गिळून तिने राहिलेलं खरंही सांगून टाकलं, आणि तिथे चुकली. थोडा ओलावा घरातूनही येतो, ती म्हणाली. आंघोळीची वाफ, स्वयंपाक, झोपलेल्या माणसांचा श्वास. भिंत दोन्हीकडून बंद असली की तोही कोंडतो. रंग खरवडायला हे आणखी एक कारण, असं तिला म्हणायचं होतं. त्याला मात्र खापर फोडायला डोकं सापडलं.

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा धाकटी आंघोळीनंतर न्हाणीघराच्या फरशा टॉवेलने पुसत बसली होती. कपडे शेजारणीकडे वाळत होते. गॅसवर पाणी उकळायला बंदी. पलंगाशेजारी हवेतला ओलावा मोजणारं यंत्र टांगलेलं. नवरा सकाळी उठून आधी काट्याकडे बघायचा, मग बायकोकडे. यंत्र आणलं होतं, सिमेंटचं पोतं नव्हतं आणलं. बुरशीपुढे त्याने कपाट सरकवून ठेवलं होतं.

"फोटो होऊन जाऊ देत गं ताई," धाकटी म्हणाली. "मग घालणारेत ते छज्जे."

घर एका मासिकात छापून येणार होतं. मासिकात आल्यावर लोक ते बघायला येतील, मग कुठले छज्जे, असं थोरलीने विचारलं. धाकटी नुसती खोकली. नवऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून फुप्फुसं पणाला लावणाऱ्या या मुलीचीही थोरलीला चीड आली. माझ्याकडे राहायला चल, म्हणून तिने परोपरीने विनवलं. धाकटी हलली नाही.

फोटोच्या दिवशी थोरली पुन्हा गाडी घेऊन गेली आणि दारातच उभी राहिली. फोटोत खिडकीची उंची कळावी म्हणून फोटोग्राफरला शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं. आर्किटेक्टने बायकोला स्टुलावर बसवलं, पदर नीट केला, मान जराशी वळवली. फोटो घेताघेता तिला खोकला आला. पुन्हा घेतला, पुन्हा आला.

"जरा श्वास धर ना," तो म्हणाला. "तेवढंही जमत नाही का तुला?"

धाकटीने खरंच श्वास धरला. चेहरा लाल झाला, ओठ निळसर पडले, तरी ती मान वळवून तशीच बसून राहिली. मग उबळ आली आणि ती स्टुलावरच दुमडली. थोरली धावली. आर्किटेक्ट जागचा हलला नाही.

"सॉरी हं," तो म्हणाला. फोटोग्राफरला.

धाकटीने ते ऐकलं. दम परत आल्यावर तिने थोरलीचा हात बाजूला केला, उठून आत गेली आणि औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली. नवऱ्याच्या समोरून ती सरळ दाराकडे गेली.

"चल, ताई," ती म्हणाली.

फोटोग्राफर बिचारा ओशाळला. वहिनी येईपर्यंत थांबू का, म्हणून त्याने विचारलं. आर्किटेक्ट कॅमेऱ्यामागे गेला, एक डोळा मिटून रिकाम्या स्टुलाकडे आणि खिडकीकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"नको," तो म्हणाला. "ते स्टूल तेवढं काढा. आता छान दिसतंय."